टेलिफोनच्या खोलीत पानं टिकत नव्हती

मी पानवाली. हे वाचून तुमच्या डोळ्यांसमोर चुना, कात आणि सुपारी आली असेल तर त्यात तुमची काही चूक नाही. पेणच्या बाजारात मी गाळा घेतला आणि बाहेर 'येथे सर्व प्रकारची पाने मिळतील' अशी हौसेनं पाटी लावली, तेव्हा पहिलं गिऱ्हाईक आलं ते दोन मघई मागायला. मी त्याला पामचं हातभर लांब पान काढून दाखवलं. तो बिचारा म्हणाला, "वैनी, हे तोंडात मावायचं कसं?" त्याच संध्याकाळी आमच्या ह्यांनी पाटी उतरवून 'शोभेची' हा शब्द वर चिकटवला. नाव मात्र पानवाली पडलं ते पडलंच.

फुलांच्या गुच्छात, स्टेजवर, साहेबांच्या टेबलावरच्या फुलदाणीत जो हिरवा पाला असतो, तो मी विकत असे. पेणजवळ गडबला आमची वाडी आहे. भाताच्या खाचरांच्या वरच्या अंगाला आंब्या-फणसांची दाट सावली होती आणि त्या सावलीत काही पिकत नाही म्हणून सासरे रडत असत. मी तिथे कामिनी, क्रोटन, ड्रेसिना, पाम आणि शोभेची शतावरी लावली. सासरे म्हणाले, पाला खायला गुरं तरी आणा. पुढे तोच पाला टेंपोतून दादरला जायला लागला तेव्हा ते स्वतः उभे राहून जुड्या बांधून घेत.

लोकांना वाटतं, फुलं सांभाळणं अवघड आणि पानं सोपी. खरं म्हणजे पान झाडावरून कापलं तरी ते मेलेलं नसतं. ते श्वास घेतं, पाणी पितं. देठाची कापलेली जागा हे त्याचं तोंड. ते तोंड बुजलं की पानानं मान टाकलीच म्हणून समजा. म्हणून पाला भल्या सकाळी कापायचा, कोवळा घ्यायचा नाही, जून घ्यायचा. कापल्या कापल्या बादलीत गळ्यापर्यंत बुडवून सावलीत ठेवायचा. देठ पुन्हा पाण्याच्या आत तिरका कापायचा, म्हणजे आत हवा शिरत नाही. पाण्याखाली येणारी पानं ओरबाडून टाकायची, नाहीतर ती कुजतात आणि पाणी बुळबुळीत होतं. पाण्यात चिमूटभर लिंबूसत्त्व आणि ब्लीचिंग पावडरीचा नुसता वास. एवढं केलं की आठवडाभर पानाकडे बघावं लागत नाही. बाकी सगळी लोकांची आपापली औषधं. पेणच्या एक डॉक्टरीणबाई फुलदाणीत डोकेदुखीची गोळी टाकत. मी विचारलं, पानांना काय होतंय? तर म्हणाल्या, तुम्हाला कळायचं नाही.

आमच्या धंद्यात एकच प्रश्न असतो, टिकलं का? गिऱ्हाईक फोनवर नमस्कारसुद्धा करत नसे. "टिकला नाही हो तुमचा पाला," एवढंच. बरं, दोष नेहमी पाल्याचाच. एकदा पेणला एका लग्नघरी मी स्टेजसाठी शतावरीच्या जुड्या आधीच पोचवल्या. त्यांनी त्या माजघरात ठेवल्या, गारवा असतो म्हणून. त्याच माजघरात आंब्यांची आढी घातलेली. लग्नाच्या सकाळी मी जाऊन बघते तर काड्या उभ्या आणि शतावरीची सगळी हिरवी कुसं पिवळी होऊन खाली पडलेली. वरमाय माझ्यावर तुटून पडली. कृषी खात्यातल्या एका ओळखीच्या साहेबांनी नंतर मला सांगितलं की पिकणाऱ्या फळातून एक वायू निघतो, आपल्याला त्याचा पत्ता लागत नाही, पानाला लागतो. मी तोंडात बोट घातलं. पाणी स्वच्छ, देठ स्वच्छ, आणि पान हवेनं मरतं! तेव्हापासून पाला टिकला नाही की मी पाण्याबरोबर हवासुद्धा बघायला लागले.

ही सवय नसती तर धाटावची गोष्ट मला कळलीच नसती.

नव्वदनंतरची ती वर्षं. रोह्याजवळच्या धाटावच्या एका केमिकल कंपनीत मला दर आठवड्याला पाला पुरवायचं काम मिळालं. कंपनीचं नाव सांगत नाही, सांगून काही उपयोगही नाही. फुलदाण्या माझ्या, पाला माझा, पाणी बदलायचं काम तिथल्या शांताराम शिपायाचं. हा शांताराम गडबचाच, त्यामुळे मला वैनी म्हणायचा. रिसेप्शनला एक फुलदाणी, मोठ्या साहेबांकडे एक, मीटिंगच्या खोलीत दोन, आणि एक टेलिफोनच्या खोलीत. टेलिफोनच्या खोलीला पुढून काच होती, आलेल्या पाहुण्यांची नजर तिथे जायची, म्हणून तिथेही हिरवं दिसलं पाहिजे असा ऑफिस सांभाळणाऱ्या पाटणकरसाहेबांचा आग्रह.

त्या खोलीत कंपनीचा सगळा टेलिफोनबोर्ड होता. मोबाइल नव्हते तेव्हा. बाहेरचा प्रत्येक फोन आधी तिथे येई आणि सुनंदा तो आत जोडून देई. सुनंदा रोह्याची. पंचविशीची असेल. कानाला ते यंत्र लावून दिवसभर गोड आवाजात "होल्ड करा हं" म्हणायची आणि फोन ठेवला की खोकायची. नवरा दुसऱ्या एका कंपनीत शिफ्टला.

बाकी सगळीकडे माझा पाला नव्या नवरीसारखा टवटवीत राही. टेलिफोनच्या खोलीत मात्र दुसऱ्या दिवशी कडा तपकिरी, तिसऱ्या दिवशी मधे पांढुरके डाग, मग पानगळ. पाटणकरसाहेब सज्जन माणूस, आवाज कधी चढवायचे नाहीत. पण त्यांनी मला चहा पाजून सांगितलं, "बाई, पाहुण्यांसमोर बरं दिसत नाही. असंच चाललं तर मला दुसरा कोणी बघावा लागेल." मी फुलदाणी बदलली. कात्री उकळून घेतली. पाणी गडबहून कॅनमध्ये भरून नेलं. कामिनीऐवजी ड्रेसिना ठेवला, जो सहजासहजी दगावत नाही. तोही करपला.

एक दिवस शांताराम मला जिन्याखाली घेऊन गेला. इकडे तिकडे बघत म्हणाला, "वैनी, उगाच पाण्याला दोष देताय. पाण्यात काय नाय."

"मग कशात आहे?"

"ती पोर हाय ना टेलिफोनवाली. कंपनीत बाजूला कोण बसतंय? सगळे दिवस तिथंच असते. पाल्याला इटाळ सहन व्हत नाय. मी गोमूत्रपण शिंपडून बघितलं."

म्हणजे फुलदाणीत हा गोमूत्र घालत होता! माझं डोकंच फिरलं. मी त्याला चांगला झापला. "माझ्या वाडीत पाला कापायला बायकाच येतात रे. त्यांना काय देवानं वेगळं केलंय? त्यांच्या हातचा पाला दादरला जातो आणि टिकतो." शांतारामनं नुसती मान हलवली. पटलं नव्हतं हे दिसत होतं.

मी तशीच तावातावानं सुनंदाकडे गेले. म्हटलं, हा गावंढळ काय बोलतो ते हिला सांगून दोघी हसू. ती हसली नाही.

"खरं हाय ताई ते. माझ्यामुळंच मरतात पानं. मी कधीची तुम्हाला सांगणार होते, पण लाज वाटत होती."

"अगो, काहीतरी काय बोलतेस?"

"त्या दिवसांत मी फुलदाणीला हातपण लावत नाय. खुर्ची लांब घेते. तरी जळतात." तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. ते रडण्याचं की नेहमीचं, ते कळेना. तिचे डोळे त्या खोलीत कायमच लाल असत.

"आणि आता? आता कुठल्या दिवसांत आहेस?"

तिनं काचेतून बाहेर बघितलं आणि आवाज अगदी खाली आणला. "आता दिवस गेलेत मला. गणपतीनंतर पाळीच नाय आली."

दिवाळी होऊन गेली होती. मी बोटांवर महिने मोजले. मधे फुलदाणी. त्यातला ड्रेसिना मी आठवड्यापूर्वी ठेवलेला, कडेकडेनं चक्क भाजल्यासारखा.

"मग गो बाई," मी म्हटलं, "पाळीच नाही तर विटाळ कसला? आणि पानं तर ह्याही आठवड्यात जळली!"

हे तिच्या डोक्यात आलंच नव्हतं. एवढी हुशार मुलगी, सगळ्या कंपनीचे नंबर तोंडपाठ, पण स्वतःला दोष द्यायची इतकी सवय झालेली की साधा हिशेब सुचला नाही. ती हळूच म्हणाली, "पहिलं पण टिकलं नाय ताई. ह्याच खुर्चीत पोटात दुखायला लागलं होतं. सासूबाई म्हणतात, तुझ्या हाताला काय टिकत नाय. मी म्हटलं, बरोबर हाय. पानंपण टिकत नाय."

टिकलं का, टिकत नाही, हे शब्द मी दिवसातून पन्नास वेळा तोंडातून काढत असे, विकत असे. तोच शब्द ही मुलगी आपल्या पोटावर हात ठेवून बोलत होती. पाल्याची चिंता तिथेच संपली. आता हिचं काय, एवढंच डोक्यात राहिलं.

मी त्या खोलीत नाक वर करून वास घेतला. एसी लावलेला, दार-खिडक्या बंद. घशाला कसंतरी खवखवलं. "वास येतो का गो इथे?" मी विचारलं.

"धाटावला वास नाय असा दिवस कुठला?" ती म्हणाली. तेही खरंच. बसमधून उतरलं की पहिल्यांदा वासच भेटायला येतो, तासाभरानं नाक मुकाट्यानं मान्य करतं.

मग मी एक केलं. एकाच झाडाचा, एकाच वेळी कापलेला पाला घेतला आणि एकाच कॅनचं पाणी. एक फुलदाणी शांतारामच्या स्टुलाजवळ बाहेर, एक सुनंदाच्या टेबलावर, एक त्याच खोलीतल्या कपाटाच्या डोक्यावर. पुढच्या फेरीला आले तर बाहेरची हिरवीगार, टेबलावरची करपलेली आणि कपाटावरची पार होरपळून गेलेली. म्हणजे जे काही होतं ते वरून येत होतं. शांतारामनं पडद्याचा दांडा आणला आणि छताचा एक चौकोन वर ढकलला. छत खोटं होतं, लोखंडी पट्ट्यांवर टेकवलेलं. चौकोन हलला तशी वरून विटेच्या भुकटीसारखी लाल पूड आमच्या डोक्यांवर पडली. लोखंडाचा गंज. त्या पट्ट्या इतक्या खाल्ल्या गेल्या होत्या की बोटानं तुटत होत्या. आणि मग जो भपका आला, त्यानं शांताराम खोकत बाहेर पळाला.

लोखंडाची ही गत, माझ्या पानांची ही गत, आणि त्याच्याखाली ही मुलगी बसून "होल्ड करा हं" म्हणत होती. मला भीती वाटली, खरीखुरी भीती.

मेंटेनन्सचा माणूस आला, त्यानं वर एकदा बघितलं आणि म्हणाला, "व्हय, माहीत हाय. लॅबच्या धुराचा पाईप हितनं जातो. त्याचा जोड सुटलाय. पुढच्या शटडाऊनला, प्लांट बंद ठेवतील तवा, घेणार हाय."

"माहीत आहे? कधीपासून?"

"लय दिवस झाले. पण ही खोली प्लांटात धरत नाय ना वैनी, ऑफिसात धरतात. म्हणून मागं पडली."

तो वाईट माणूस नव्हता. बस चुकली असं सांगावं तसं त्यानं सांगितलं. मला त्याचाच जास्त धक्का बसला. कोणीतरी लपवलं असतं तर निदान भांडता तरी आलं असतं.

मी पाटणकरसाहेबांकडे गेले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, पाईप जोडून घेऊ म्हणाले. बाहेर उगाच चर्चा नको, असंही म्हणाले. पुढच्या आठवड्यात मी पाला घेऊन गेले तेव्हा मला गेटवरच थांबवलं. साहेब स्वतः बाहेर आले. "बाई, त्या खोलीत पाला टिकत नाही हे तुम्हीच दाखवून दिलंत. म्हणून आम्ही सगळीकडेच प्लास्टिकचा मागवला. तुम्हालाही त्रास नको." त्यांच्या चेहऱ्यावर मदत केल्याचं समाधान होतं. मला वाटलं होतं ते पाईप बदलतील. त्यांनी पानं बदलली.

जुनं बिल घ्यायचं म्हणून मी रिसेप्शनपर्यंत गेले, तर काचेपलीकडे सुनंदा बसलेली दिसली. शेजारी चकचकीत हिरवा प्लास्टिकचा ड्रेसिना. मी आत शिरले. "पाईप जोडला का गो?"

"माहीत नाय ताई. कोण वर चढलेलं दिसलं तर नाय."

"मग ऊठ. घरी चल."

"आणि घरी काय सांगू? पानं करपली म्हणून नोकरी सोडली?"

तिचंही बरोबर होतं. म्हणून मी तिच्या सुटीच्या दिवशी रोह्याला तिच्या घरी गेले, सासूबाईंना भेटायला. ह्या बाई मूळच्या खेड्यातल्या, उभा जन्म भातात आणि परसात गेलेला. काय बोलायचं ते मी वाटेत दहा वेळा ठरवलं होतं. वायू, पाईप, लॅब, सगळं सांगितलं. त्या तांदूळ निवडत राहिल्या. शेवटी मी पिशवीतून करपलेली फांदी काढून त्यांच्यापुढे ठेवली, शेजारी त्याच झाडाची ताजी.

म्हातारीनं करपलेलं पान उचललं. कड बोटांत धरून चुरगाळली, उजेडाकडे धरून उलटंसुलटं पाहिलं, नाकाशी नेलं.

"हा इटाळ नाय," त्या म्हणाल्या.

त्यांनी पानाची करपलेली कड माझ्यापुढे धरली.

"इटाळानं पान पिवळं पडतं न् मान टाकतं. करपत नाय. ह्ये जळालंय." मग स्वयंपाकघराच्या दाराशी उभ्या सुनंदाकडे वळून म्हणाल्या, "आनि तू गो, ह्या जाळात बसतेस व्हय? पोटुशी बाई? मला बोलली का नाय? उद्यापासनं जायाचं नाय."

मी हसावं की रडावं? माझे सगळे खुलासे वाया गेले होते आणि विटाळाच्याच शास्त्रानं तिची सुटका केली होती. त्या शास्त्राशी वाद घालायची मला तेव्हा बिलकूल इच्छा झाली नाही.

सुनंदाला पुढे मुलगी झाली, धडधाकट आणि भयंकर रडकी. पहिल्या वेळी जे झालं ते त्या धुरानं झालं की आणखी कशानं, हे मला सांगता येणार नाही. डॉक्टरांनीही सांगितलं नाही. तान्ही जरा मोठी झाल्यावर सुनंदा माझ्या पेणच्या गाळ्यात काम करायला लागली. फोनवर तिच्याशी बोलून गिऱ्हाईक तक्रार करायचंच विसरून जाई. खोकला हळूहळू गेला. डोळे मूळचे इतके पांढरेस्वच्छ आहेत हे मला तेव्हाच कळलं.

माझ्या फुलदाण्या मात्र कंपनीतच अडकल्या होत्या. पितळेच्या होत्या, माहेरच्या. बरेच दिवस टाळलं, मग एकदा रोह्याला कामाला गेले होते तशी धाटावला गेले. पाटणकरसाहेबांची बदली झाली होती. शांताराम फुलदाण्या आणायला स्टोअरमध्ये गेला आणि मी रिसेप्शनला उभी राहिले.

काचेपलीकडे नवी मुलगी बसली होती. सुनंदापेक्षाही लहान, कॉलेज नुकतंच संपलेलं असावं. डोळे लाल. एका हातानं कानाचं यंत्र सावरत दुसऱ्या हातानं प्लास्टिकच्या पानांवर फडकं मारत होती. फडकं गंजाच्या रंगाचं झालेलं. मी दार उघडून आत गेले.

"हे काय पुसतेस गो?"

"वरून लाल धूळ पडते काकी, रोज. पण पुसलं की पानं परत नवी." ती हसली. "खरी पानं हितं टिकायची नाय म्हणे. आधीची बाई होती ना, तिचा इटाळ."

माझा आवाज चढला. किती चढला ते मला कळलं नाही. वर बोट दाखवून मी पाईप, धूर, सुनंदा सगळं सांगायला लागले, रिसेप्शनमधले पाहुणे माना वळवून बघायला लागले. मुलगी घाबरून खुर्चीतून उठली. वर बघावं म्हणून नव्हे. ती पुढे झाली, तिनं आधी काचेचं दार लावून घेतलं आणि माझा हात धरला.

"काकी, हळू बोला ना," ती म्हणाली. "मी अजून टेंपररी हाय."